शिबिराच्या टेबलावर पॉलिसीचा फॉर्म नको

वाचकांचे प्रश्न : आरोग्य विमा कंपनी, तिची माणसे आणि आपले गाव

या वेळी निवडलेले प्रश्न एकाच धाग्यातले आहेत. काही कंपनीत काम करणाऱ्यांनी पाठवलेत, काही ज्यांच्या गावात ती कंपनी 'समाजकार्य' करायला येते त्यांनी. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. शाखेच्या आत कर्मचाऱ्याशी जसे वागले जाते, तसाच तो गावात आणि दवाखान्याच्या काउंटरवर वागतो.

प्रश्न : आमची कंपनी वर्षातून एक दिवस सेवा दिन पाळते. यंदा बेळगावच्या पश्चिम भागातील एका गावात रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर ठरले आहे. व्यवस्थापकांनी सांगितले, प्रत्येकाने येताना किमान दहा लीड, म्हणजे पॉलिसी घेऊ शकतील अशा माणसांची नावे-नंबर, आणायच्या. आम्हाला हे पटत नाही, पण बोलायचे कसे?
— शाखेतील कर्मचारी, टिळकवाडी, बेळगाव

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे, आणि त्यामागे कायदाही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावी लागते. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम, आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व आणि फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रम यांतले काहीही त्यात धरता येत नाही. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैशांत मोल करून तेही सीएसआर खर्चात दाखवता येत नाही.

म्हणून व्यवस्थापकांना ईमेलवर एकच साधा प्रश्न विचारा : "या शिबिराचा खर्च सीएसआरमध्ये जाणार की मार्केटिंगमध्ये?" यात आरोप नाही, पण उत्तर लेखी द्यावे लागते आणि बहुतेक वेळा लीडचा विषय तिथेच मागे पडतो. खर्च मार्केटिंगचा असेल तर शिबिराला 'विमा माहिती शिबिर' असे नाव द्या, वेगळ्या दिवशी घ्या, तिथे खुशाल फॉर्म भरून घ्या. विक्री करण्यात काही वाईट नाही. तपासणीच्या नावाखाली विक्री करणे वाईट, कारण बोटातून रक्ताचा थेंब काढणाऱ्या माणसासमोर बसलेल्या बाईला 'नको' म्हणता येत नाही.

आता शिबिराबद्दल. शंभर माणसे चार तासांत तपासायची असतील तर रक्तदाबाची दोन टेबले लागतात. एका माणसाला मोजायला चार-पाच मिनिटे जातात, त्याआधी पाच मिनिटे शांत बसणे वेगळे. ते बसणे नोंदणीनंतरच्या बाकावर होऊ द्या, म्हणजे रांग अडत नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला, मोजताना बोलणे बंद. अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा विडी घेतली असेल तर त्या माणसाला शेवटी बोलवा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सर्वांत जास्त चुका कफच्या, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याच्या, मापात होतात. आतली फुगणारी पिशवी दंडाच्या सुमारे ८० टक्के घेराला पुरायला हवी. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा उगीच वर जातो. दोन मापांचे कफ नेलेच पाहिजेत. १४०/९० किंवा त्याहून वर आले तर डॉक्टरकडे. १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, दम लागणे असे काही असेल तर थांबवून ठेवू नका, गाडीत बसवून रुग्णालयात न्या.

साखर तपासायचे काम परिचारिका किंवा लॅब तंत्रज्ञाचे आहे, विमा कर्मचाऱ्याचे नाही. प्रत्येकाला नवी लान्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई. पट्ट्यांच्या डबीचे झाकण पट्टी काढताच घट्ट लावा. खानापूरच्या पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी खोटा आकडा दाखवते आणि घाबरलेला माणूस पुढे महिनाभर झोपत नाही. जेवणानंतर केव्हाही घेतलेली साखर १४० च्या वर असेल तर उपाशीपोटी तपासणीची चिठ्ठी द्या. २०० किंवा अधिक असून खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणे असतील तर त्याच आठवड्यात डॉक्टर. वापरलेल्या लान्सेट टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम शिबिरांनाही लागू आहेत. त्यामुळे हा कचरा परत कोण नेणार, हे सोबतच्या रुग्णालयाकडून आधीच लिहून घ्या. ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत तो जाता कामा नये.

नावांची यादी हा नाजूक मुद्दा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याचा पर्याय ठेवला आहे, आणि मराठी-कन्नड दोन्ही त्यात आहेत. कागदावर मोठ्या अक्षरांत छापा : ही माहिती फक्त पुढच्या तपासणीची आठवण करण्यासाठी आहे, विमा विक्रीसाठी किंवा पॉलिसी ठरवण्यासाठी वापरली जाणार नाही. ती यादी शाखेच्या संगणकात चढवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे द्या आणि आशाताईंना सोबत घ्या. दोन आठवड्यांनी आकडा वर आलेल्यांना फोन करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. हा फोन झाला नाही तर सगळे शिबिर फोटोपुरतेच उरते.

दिवस निवडताना पंचांगाबरोबर शेतही बघा. पश्चिम भागात जुलैत भात लावणीच्या दिवसांत दुपारी गावात कोणी सापडत नाही, आणि निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीच्या हंगामात माणसे फडात असतात. फलकावर कन्नड वरच्या भागात आणि किमान ६० टक्के घ्या. कर्नाटकाच्या भाषा कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीने दुकाने-आस्थापनांच्या फलकांना ६० टक्के कन्नडची अट आहे आणि शिबिराच्या दिवशी त्यावरून वाद नको. खाली मराठी स्वच्छ हवीच.

प्रश्न : मी विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर मराठी आणि कन्नड फोन घेते. दिवसभर क्लेम नाकारलेल्यांच्या घरच्यांशी बोलावे लागते. रडणे, शिव्या, मग घरी आले तरी तेच आवाज. सुट्टी मागितली तर 'मार्चनंतर बघू' म्हणतात. काय करावे?
— वाचक, शहापूर, बेळगाव

आधी तुमच्यासाठी : झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, कोणत्याही वेळी लावता येतो.

आता कंपनीसाठी, कारण हा तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही. नकार सांगायचे काम एकाच माणसावर वर्षभर टाकले की तो माणूस मोडतो. नाकारलेल्या क्लेमचे फोन सलग दोन-तीन दिवसांपलीकडे एकाकडे नकोत, मग दुसरा विभाग. अवघड फोननंतर दहा मिनिटे लाइन बंद ठेवण्याची मुभा हवी आणि ती 'वाया गेलेली मिनिटे' म्हणून मोजली जाऊ नये. शिवीगाळ झाली की फोन वरिष्ठाकडे जावा, हे कागदावर हवे.

त्याहून मोठी दुरुस्ती नकाराच्या पद्धतीत आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या आरोग्य विमा मास्टर परिपत्रकानुसार कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याची, विनंती आल्यावर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम परवानगी तीन तासांत द्यायची असते. क्लेम नाकारायचा तर क्लेम पुनरावलोकन समितीची मान्यता लागते आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीमुळे नाकारला, हे ग्राहकाला कळवावे लागते. म्हणजे नकार तुमचा नसतोच. फोन सुरू होण्याआधी तुमच्या पडद्यावर ती अट मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेली हवी, कोणता कागद आणला तर निर्णय बदलू शकतो ते हवे आणि पुढे तक्रार कुठे करायची ते हवे. या तीन गोष्टी हातात असलेला कर्मचारी शांत बोलतो. त्या नसल्या की तो 'सिस्टिममध्ये असंच दिसतंय' म्हणत राहतो आणि समोरचा चिडतो.

आणखी एक जागा आहे जिथे आतले वातावरण बाहेर गळते. बोनस 'किती फाइली किती वेळात संपवल्या' यावर असला, की मुदत संपायच्या आधी एखादा कागद कमी असल्याची क्वेरी टाकून घड्याळ थांबवले जाते. मग दुसरी क्वेरी, मग तिसरी. रुग्णाचा मुलगा खानापूरहून तीनदा गाडी पकडून येतो. ज्या फाइलला एकापेक्षा जास्त क्वेरी गेल्या त्यांची आणि तक्रारीनंतर उलटलेल्या निर्णयांची मोजणी दर महिन्याला शाखेत लावली पाहिजे. वेगापेक्षा हे दोन आकडे खरे आहेत. तुमच्या बैठकीत हा मुद्दा एकटीने न मांडता चार जणींच्या सहीने मांडा.

मार्चचा ताण आम्ही नाकारत नाही, करबचतीसाठी लोक शेवटच्या आठवड्यात पॉलिसी घेतात. पण त्यासाठी विक्रीची माणसे वाढवायची असतात. क्लेमच्या विभागाची रजा त्यात अडकवण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : आमचे गणेशोत्सव मंडळ वर्षभर रुग्णसेवा करते. एका आरोग्य विमा कंपनीकडून रुग्णवाहिका मिळवायची आहे. अर्ज कसा करावा?
— मंडळाचे कार्यकर्ते, वडगाव

रुग्णवाहिकेचा आग्रह आधी बाजूला ठेवा. सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ च्या (ना-नफा) कंपनीकडे, लाभार्थींच्या बचतगट वा समूहाकडे किंवा सरकारी संस्थेकडे असावी लागते. बहुतेक मंडळांकडे ही नोंदणी नसते. शिवाय गाडी दारात येते तो पहिला दिवस सोपा. चालकाचा पगार, डिझेल, टायर, गाडीचा विमा आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, हे ठरलेले नसेल तर दुसऱ्या वर्षी ती मंडपामागे उभी राहते.

कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या बाहेरच्या संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो; ही अट १ एप्रिल २०२१ पासून आहे. त्यासाठी आयकराची १२अ आणि ८०जी नोंदणी लागते, आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही. मंडळाची ती तयारी नसेल तर गावातल्या नोंदणीकृत न्यासाच्या रुग्णालयाला पुढे करा. तुम्ही माणसे, जागा आणि गल्लीची माहिती द्या. मंडळाची खरी ताकद तीच आहे, कोणत्या घरात कोण आजारी आहे हे कंपनीच्या कुठल्याही यादीत नसते.

अर्ज दोन पानांचा पुरे. गरज काय, किती लोकांसाठी, वस्तुनिहाय खर्च, देखभाल कोण करणार आणि सहा महिन्यांनी कोणता आकडा दाखवणार. 'आपल्या कंपनीचा फलक मिरवणुकीत झळकवू' असे लिहू नका, कारण त्या वाक्याने अर्ज जाहिरातीच्या खात्यात जातो आणि तिथून तो परत येत नाही. कायद्यात कंपनी जिथे काम करते त्या आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे आहे, म्हणून बेळगावात शाखा असलेल्या कंपनीला ते कलम अवश्य दाखवा. वेळ जानेवारी-फेब्रुवारीची साधा, पुढच्या वर्षाची कृती योजना तेव्हा ठरत असते. आणि आधी विचारून घ्या की कंपनीला या वर्षी सीएसआर लागू आहे का, तीन वर्षांच्या सरासरीत नफाच नसेल तर २ टक्के कशाचे काढणार?

गाडीऐवजी काय मागावे? प्राथमिक आरोग्य केंद्राला दोन मापांच्या कफसह चार रक्तदाब यंत्रे आणि वर्षभराच्या साखरेच्या पट्ट्या. खर्च कमी, वाद नाहीत, उपयोग रोजचा.

प्रश्न : निपाणीत विमा कंपनीने घेतलेल्या शिबिरात आईचा रक्तदाब जास्त निघाला. ती विड्या वळते. आता तिची पॉलिसी काढायची तर हे सांगावे लागेल का? एजंट म्हणतो, कुठे नोंद आहे, सोडून द्या.
— वाचक, निपाणी

सांगावेच लागेल. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला किंवा ज्यासाठी सल्ला-उपचार सुचवलेला आजार हा 'आधीपासूनचा आजार' ठरतो. शिबिरात डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली असेल तर तो सल्लाच आहे. फॉर्मवर लपवले आणि उद्या पक्षाघाताचा झटका आला, तर रुग्णालयाच्या केसपेपरवर 'रक्तदाब दोन वर्षांपासून' असे कोणीतरी लिहितेच, बहुतेक वेळा घरच्यांनीच सांगितलेले. क्लेम तिथे अडकतो.

सांगितले तर काय होते, तेही बघा. त्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ लागू शकतो, कदाचित हप्ता वाढेल. बाकीच्या आजारांचे संरक्षण चालू राहते. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणून फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरा, शिबिराची चिठ्ठी जोडा, भरलेल्या फॉर्मचा फोटो ठेवा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती वाचून परत करता येते.

पण त्याआधी आईला एकदा नीट तपासून घ्या. शिबिरातला एक आकडा म्हणजे निदान नव्हे, वेगवेगळ्या दिवशी मोजलेले आकडे लागतात. आणि घरी बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, त्यात आधीच्या आजाराला प्रतीक्षा काळ नाही. आपत्कालीन नसलेल्या उपचारासाठी सरकारी रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी लागते, ती न घेता थेट मोठ्या दवाखान्यात गेल्याने अनेकांचे काम अडते. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा निर्णय घेतला आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रे विचारा. शिबिरात बसलेल्या विमा कर्मचाऱ्याने सरकारी योजनेची ही माहिती स्वतःहून द्यायला हवी होती. जी कंपनी आपल्या कर्मचाऱ्याला ती द्यायला मनाई करत नाही, तिच्या शिबिराला आम्ही चांगले शिबिर म्हणू.

प्रश्न : पॉलिसीचे कागद इंग्रजीत. शाखेत मराठीत विचारले की मुले गोंधळतात. मराठीत माहिती मिळण्याचा हक्क आहे का?
— वाचक, खानापूर

पूर्ण पॉलिसी नाही, पण तिचा सारांश असलेले 'ग्राहक माहिती पत्रक' ग्राहकाने मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावे, असे नियामकाने सांगितले आहे. १ जानेवारी २०२४ पासून हे पत्रक नव्या स्वरूपात आहे. खानापूर तालुक्यातल्या घराघरांत मराठी बोलली जाते, तेव्हा मागणी मराठीची करा आणि लेखी करा. शाखेतल्या मुलांना दोष देऊ नका. त्यांचे प्रशिक्षण इंग्रजीत झालेले असते आणि 'प्रतीक्षा काळ', 'सहभाग रक्कम', 'खोलीभाड्याची मर्यादा' हे शब्द त्यांनी कधी कानांनी ऐकलेले नसतात. कोणत्याही शाखेने वीस-पंचवीस शब्दांचा मराठी-कन्नड-इंग्रजी तक्ता करून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवावा. दोन्ही भाषा येणाऱ्या शिपाईमामांना किंवा सुरक्षारक्षकाला दुभाषी करू नये. आजाराची माहिती खासगी असते, आणि ते त्यांचे कामही नाही.

प्रश्न : मी चंदगडचा, नोकरी बेळगावात. क्लेम नाकारला. तक्रार कुठल्या राज्यात?
— वाचक, चंदगड

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे, एका वर्षाच्या आत. राहण्याचा पत्ता धरला तर पुण्याचे कार्यालय, ज्या शाखेविरुद्ध तक्रार आहे ती बेळगावची असेल तर बेंगळुरूचे. दोन्हीपैकी एकच निवडा. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, शुल्क नाही, वकील लावता येत नाही आणि लागतही नाही.

प्रश्न : रविवारी गावोगावी सेवाकार्याला जाणे आमच्याकडे 'ऐच्छिक' आहे, पण न गेलेल्यांची नावे बैठकीत वाचली जातात. परतताना रात्र होते. मुलींनी काय करावे?
— कर्मचारी, बेळगाव

नावे वाचली की ते ऐच्छिक राहत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम असेल तर बदली सुट्टी मागा, आणि सहभागाची नोंद मूल्यमापनात येणार नाही हे मनुष्यबळ विभागाकडून लिहून घ्या. घरी म्हातारी माणसे, पेरणी, लहान मुले असणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग हवा. कामाच्या दिवशी दोन तास बसून गावासाठी मराठी पत्रके तपासणे किंवा शिबिरानंतरचे आठवणीचे फोन करणे हेही सेवाकार्यच आहे, आणि बऱ्याचदा त्याचीच जास्त गरज असते.

प्रवासाबद्दल स्पष्ट राहा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा 'कामाचे ठिकाण' म्हणताना नोकरीच्या निमित्ताने गेलेली जागा आणि मालकाने पुरवलेले वाहन, दोन्ही धरतो. दहा किंवा अधिक माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. दौऱ्याच्या आदेशावर गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, परतण्याची वेळ आणि समितीतील एका सदस्येचा फोन छापून घ्या. गाडीने शेवटच्या मुलीला मुख्य रस्त्यावर न सोडता तिच्या दारात सोडावे, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.